मानसिक आरोग्यात करिअर करायचंय, पण नेमकं काय शिकायचं? कोल्हापुरातल्या पोरापोरींसाठी टप्प्याटप्प्यानं

बीए सायकॉलॉजी संपत आलंय, "मला काउन्सेलिंगमध्ये जायचंय" एवढं पक्कं आहे, पण पुढं एमए करू, एमएसडब्ल्यू म्हणजे सोशल वर्कमधलं मास्टर्स करू की एखादा डिप्लोमा करून लगेच क्लिनिक टाकू हे काही केल्या ठरत नाही, अशांसाठी हे लिहितेय. दरवर्षी निकाल लागले की हेच प्रश्न येतात, गडहिंग्लजहून येतात, जयसिंगपूरहून येतात, इचलकरंजीतून येतात, आणि बऱ्याचदा फी भरून झाल्यावर येतात. म्हणून आधीच सांगते, फी भरायच्या आधी हे शांतपणे वाचा. मी स्वतः सोशल वर्कच्या बाजूनं या क्षेत्रात आलेय, त्यामुळं तिकडं माझा जरा ओढा आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचलं तरी चालेल.

माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं आधी सांगून टाकते. डिग्रीच्या नावावरून कोर्स निवडू नका. शिकताना तुमच्यासमोर खरा पेशंट कधी बसणार, आणि तेव्हा तुमचं काम तपासून चुका दाखवणारं अनुभवी माणूस कोण असणार, यावरून निवडा. याला आमच्यात सुपरव्हिजन म्हणतात. ज्या कोर्समध्ये ते नाही त्या कोर्सचं सर्टिफिकेट कितीही भारी दिसलं तरी समोर रडणारं माणूस बसलं की त्याचा काही उपयोग होत नाही.

पहिली पायरी : डिग्री बाजूला ठेवा, रोजचं काम बघा

"मला लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं" हे सगळेच सांगतात. चांगलंच आहे ते. पण ऐकून घेणं हे या क्षेत्रातल्या प्रत्येक कामात आहे, त्यामुळं त्यावरून काही ठरत नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तुम्हाला काय करायला आवडेल ते बघा.

सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर. ओपीडी, औषधं, डोस कमीजास्त करणं, दारू सोडताना फिट आलेला पेशंट सांभाळणं, अॅडमिशन, रात्रीचे कॉल. कोल्हापुरात पेशंट "डिप्रेशन आहे" म्हणून येत नाही, तो येतो "छातीत धडधडतंय, झोप लागंना, पोटात गोळा येतोय" म्हणून, आणि त्याआधी दोन-तीन डॉक्टर, ईसीजी आणि कुठल्यातरी देवऋष्याकडची फेरी झालेली असते. शरीर आणि मन दोन्ही वाचता यावं लागतं, औषध लिहिण्याचा अधिकार त्यासाठीच डॉक्टरकडं आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम दोन भागांत असतं. एक थेरपी, म्हणजे आठवड्याला एक सेशन, पाऊणएक तासाचं, कधी कधी महिनोनमहिने. दुसरं असेसमेंट, म्हणजे टेस्ट घेणं आणि रिपोर्ट लिहिणं. थेरपीच्या ओढीनं येणाऱ्या पोरांना हे दुसरं माहीतच नसतं, आणि आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावात पुष्कळदा तेच काम जास्त असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, त्यात मानसिक आजार, ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी हे पण आलं. त्यामुळं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, दहावी-बारावीच्या सवलतीसाठी आयक्यू टेस्टिंगचं काम भरपूर. बिने-कामत टेस्ट तुम्ही पुस्तकात वाचली असेल, व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, म्हणजे आपल्याच पट्ट्यातलं काम आहे ते. ज्याला बारकाईनं टेस्ट घ्यायचा आणि चार-चार पानं रिपोर्ट लिहायचा कंटाळा येणार आहे त्यानं हा रस्ता धरायच्या आधी नीट विचार करावा.

सायकियाट्रिक सोशल वर्कर पेशंटच्या घरापर्यंत जातो. औषध चालू झालं, पण ते देणार कोण? सासूला वाटतंय की सून नाटक करतेय, भाऊ शेताच्या वाटणीवर सही घ्यायला टपलाय, यंत्रमागावरचा मालक परत कामावर घेईना. हे सगळं आजाराइतकंच खरं असतं आणि ते सुटलं नाही तर गोळी खाऊन पण पेशंट परत अॅडमिट होतो. होम व्हिजिट, घरच्यांशी बोलणं, सरकारी योजनांची कागदपत्रं, गावोगावची शिबिरं, हे ज्याला जमतं त्याच्यासाठी हे काम आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यात ज्या कुटुंबांची जनावरं आणि घरं गेली, त्यांच्यासाठी गोळी आणि थेरपी दोन्ही नंतरच्या गोष्टी होत्या, आधी कुणीतरी बरोबर बसून पंचनाम्याचा कागद भरून देणारं पाहिजे होतं.

सायकियाट्रिक नर्स वॉर्डात चोवीस तास पेशंटसोबत असते. नोकरीच्या दृष्टीनं भक्कम रस्ता, आणि फार कमी जण याचा विचार करतात.

काउन्सेलर शाळा-कॉलेजात, सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात, किशोरवयीन मुलामुलींच्या मैत्री क्लिनिकमध्ये, हेल्पलाइनवर, व्यसनमुक्ती केंद्रात. आजार जडायच्या आधीचं किंवा हलका असतानाचं काम, आणि मोठा आजार ओळखून वेळेत पुढं पाठवण्याचं काम. हे शेवटचं फार मोलाचं आहे, याला कुणी कमी समजू नये.

यातलं कुठलंच काम दुसऱ्याच्या खाली नाही. देशात मनुष्यबळ इतकं कमी आहे की २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांत पाहणी केली तेव्हा दर शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना त्या वेळी मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. सगळ्यांनाच काम आहे. प्रश्न फक्त तुम्ही कुठल्या खुर्चीत बसणार एवढाच.

दुसरी पायरी : कायदा कुणाला काय म्हणतो ते समजून घ्या

हा भाग रुक्ष वाटेल पण सगळ्यात जास्त पैसे आणि वर्षं इथंच वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

भारतात एमए सायकॉलॉजी केलेल्या माणसाला "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" म्हणून पाटी लावता येत नाही. ते नाव वापरायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, तिथली मान्यताप्राप्त पात्रता लागते आणि त्यांच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. यालाच सगळे सीआरआर नंबर म्हणतात. १९९२ च्या आरसीआय कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंड किरकोळ वाटतो म्हणून हसू नका, पेशंटच्या नातेवाइकानं तक्रार केली तर नाव कायमचं जातं.

मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ मध्ये तर व्याख्याच लिहिल्यात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे आरसीआयनं मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतली पात्रता असलेला, किंवा सायकॉलॉजीतलं पीजी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, तेही सुपरव्हिजनखालच्या क्लिनिकल ट्रेनिंगसकट. सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणजे सोशल वर्कमधलं पीजी आणि त्यावर सायकियाट्रिक सोशल वर्कचं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल. म्हणजे एमएसडब्ल्यू केलं की लगेच ते नाव मिळत नाही, मधे अजून दोन वर्षं आहेत. आणि आपल्याकडं बीएएमएस, बीएचएमएस झालेले पुष्कळ आहेत म्हणून सांगते, आयुर्वेदात मनोविज्ञान व मानसरोग आणि होमिओपॅथीत सायकियाट्री या विषयातलं पीजी केलेल्यांनाही हा कायदा मानसिक आरोग्य व्यावसायिक धरतो.

मग साधा "काउन्सेलर" किंवा "सायकॉलॉजिस्ट"? त्यासाठी आजवर असं वेगळं लायसन्स नव्हतं, त्यामुळं सहा आठवड्यांचा कोर्स करून पाटी लावणारे पण दिसतात. हे बदलतंय. २०२१ मध्ये संबद्ध आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा झाला, त्याच्या यादीत सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर हे सगळे आलेत. म्हणजे पुढं नोंदणी, ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेले तास हे येणारच आहे. त्यामुळं आज जो कोर्स निवडाल तो या नव्या चौकटीत बसेल असा निवडा.

याच कायद्यामुळं एक मोठा बदल झालाय. यूजीसीनं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजीला डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीनं नवे प्रवेश बंद केले. नोकरी करत करत, घर सांभाळत बाहेरून एमए सायकॉलॉजी करायचा बेत आपल्याकडं फार जणांचा असतो, विशेषतः लग्न झालेल्या मुलींचा. तो रस्ता आता धरू नका, आणि "आमच्याकडं चालतंय हो मॅडम" म्हणून कुणी फी मागितली तर यूजीसीची सूचना त्याच्यासमोर ठेवा.

तिसरी पायरी : तुम्ही आज कुठं उभे आहात त्याप्रमाणं रस्ता

बारावी सायन्सला असाल, बायोलॉजी असेल आणि नीटची तयारी जमत असेल, तर एमबीबीएस, मग एमडी सायकियाट्री. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं आणि वर तीन, सरकारी कॉलेज असेल तर बाँडची सेवा वेगळी. इथंच राजर्षी छत्रपती शाहू महाराज सरकारी मेडिकल कॉलेज आणि त्याचा सीपीआर दवाखाना आहे, कसबा बावड्यात डी. वाय. पाटील आहे, पलीकडं मिरजेचं सरकारी कॉलेज आहे. पण फक्त सायकियाट्रीसाठी म्हणून एमबीबीएसला जाणाऱ्यांना एक सांगते, मधल्या साडेपाच वर्षांत बाळंतपणं, अॅक्सिडेंट, शवविच्छेदन सगळं करावं लागतं. त्याची तयारी असेल तरच जा. आणि नीटची परीक्षा जमली नाही म्हणून "मग सायकॉलॉजी" असं करून येऊ नका, दोन वर्षांत मन उडतं.

बीए किंवा बीएस्सी सायकॉलॉजी झालं असेल तर सरळ रस्ता रेग्युलर एमए किंवा एमएस्सी. इथं मार्कांकडं लक्ष द्या. आरसीआयच्या क्लिनिकल सायकॉलॉजी एमफिलला खुल्या गटासाठी पीजीला ५५ टक्के लागत आलेत, आरक्षित गटांना सवलत आहे. ५३ टक्क्यांवर एमए संपवून मग रडत बसलेली पोरं मी पाहिलीत, म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून मार्क धरून ठेवा. एमएचं स्पेशलायझेशन शक्यतो क्लिनिकल घ्या. काउन्सेलिंगचंच काम करायचं ठरलं असेल तर काउन्सेलिंग घ्या, पण त्यात प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबतचं काम, किती आहे ते बघून. मुंबईच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, अप्लाइड सायकॉलॉजीचं एमए आहे, प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते, त्याची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षीच करावी लागते कारण फॉर्म लवकर निघतात. आपल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत एमए करत असाल तर थिअरीला वाईट काही नाही, फक्त प्रॅक्टिकल कुठल्या दवाखान्यात होतं ते आधी विचारा.

कुठल्याही शाखेचं ग्रॅज्युएशन असेल, बीकॉम असेल, बीएस्सी अॅग्री असेल, तर एमएसडब्ल्यूचं दार उघडं आहे. कोल्हापुरातल्याच सायबर या संस्थेत एमएसडब्ल्यू आहे, राहून-खाऊन घरच्या घरी होतं. माझं प्रामाणिक मत असं की कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय किंवा शेतकरी घरातल्या पोरासाठी हा सगळ्यात कमी विचारात घेतला जाणारा आणि सगळ्यात जास्त दारं उघडणारा रस्ता आहे. फील्डवर्क अभ्यासक्रमातच असतं, आठवड्यातले ठरलेले दिवस संस्थेत किंवा दवाखान्यात घालवावे लागतात आणि रेकॉर्ड लिहून सरांना दाखवावं लागतं, म्हणजे सुपरव्हिजनची सवय पहिल्या वर्षापासून लागते. एमएसडब्ल्यूवर थांबलात तरी मेडिकल सोशल वर्कर, व्यसनमुक्ती केंद्र, एनजीओ, बालकल्याण, कंपनीतलं वेल्फेअरचं काम हे सगळं आहे. पुढं एमफिल केलंत तर सायकियाट्रिक सोशल वर्कर.

नर्सिंगचं बघा. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा आर्ट्सवाल्यांनाही करता येतो, बीएस्सी नर्सिंगला मात्र बारावीला बायोलॉजी लागतं. त्यावर सायकियाट्रिक नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा किंवा मेंटल हेल्थ नर्सिंगमध्ये एमएस्सी.

रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजीचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा हा पण आरसीआयचा कोर्स आहे, त्यानंतर रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी मिळते. दिव्यांग मुलांबरोबर, स्पेशल स्कूलमध्ये काम करायचं असेल तर उत्तम. पण नोंदणी त्या नावाची असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नाही. हा फरक अॅडमिशन घेताना कुणी आपणहून सांगत नाही.

आणि पीएचडी. "पीएचडी केली की डॉक्टर लागतं, मग थेरपी करता येते ना?" नाही. पीएचडी संशोधनाची आणि शिकवण्याची डिग्री आहे. नेट-सेट काढून कॉलेजात शिकवायचं असेल तर जरूर करा, पेशंट बघायचे असतील तर ती चार-पाच वर्षं दुसरीकडं घाला.

चौथी पायरी : एमफिलचा गोंधळ नीट समजून घ्या

सध्या सगळ्यात जास्त घबराट याचीच आहे. झालं असं की नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद करायचं ठरलं, २०२२ च्या पीएचडी नियमावलीत यूजीसीनं तसं लिहिलं, डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठांना प्रवेश घेऊ नका म्हणून बजावलं. पण आरसीआयची नोंदणी आणि २०१७ चा कायदा दोन्ही एमफिलवर उभे, त्यामुळं लगेच जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांच्या एमफिलला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. दुसऱ्या बाजूनं आरसीआयनं क्लिनिकल सायकॉलॉजीचे नवे कोर्स आणायला सुरुवात केली, चार वर्षांचं बीएस्सी ऑनर्स, दोन वर्षांचं एमए, आणि पुढं डॉक्टरेटच्या पातळीचं सायडी.

याचा तुमच्यासाठी अर्थ काय? तर मोठ्या ताईनं किंवा सिनिअरनं जो रस्ता सांगितला तो जसाच्या तसा धरू नका. प्रवेश घ्यायच्या आठवड्यात आरसीआयच्या वेबसाइटवर जा, मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा, आणि तीन गोष्टी जुळवून बघा. संस्थेचं नाव आहे का, नेमक्या त्याच कोर्सला मान्यता आहे का, आणि ती मान्यता तुमच्या बॅचच्या वर्षाला लागू आहे का. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. मान्यता ठरावीक वर्षांची असते, मुदत संपलेल्या संस्थेत शिकलात तर नोंदणीला अडचण येते. "एमए क्लिनिकल सायकॉलॉजी" हे नाव तर साध्या विद्यापीठाच्या कोर्सलाही असतं आणि आरसीआयच्या कोर्सलाही असतं, सर्टिफिकेटवर दोन्ही सारखीच दिसतात. त्या यादीचं पान प्रिंट काढून फाइलला लावा. आणि दोन वर्षांनी नोंदणी कुठल्या नावानं मिळणार हे संस्थेकडून लेखी मागा.

एमफिल किंवा त्याच्या जागी येणाऱ्या कोर्सच्या जागा थोड्या असतात, कारण एका गाइडनं किती विद्यार्थी घ्यायचे यावर मर्यादा आहे, आणि ती असायलाच पाहिजे. जवळच्या म्हणाल तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे, बेळगाव ओलांडून पुढं. पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ आहे. लांब जायची तयारी असेल तर बेंगळुरूचं निमहान्स आणि रांचीचं सीआयपी या केंद्राच्या मानसिक आरोग्य संस्था आहेत, दोन्हीकडं प्रवेश परीक्षा देशभरातली पोरं देतात. निमहान्स म्हणजे या ट्रेनिंगचं उगमस्थान, १९५५ साली देशात हा अभ्यासक्रम डिप्लोमा म्हणून तिथंच सुरू झाला.

धारवाड आणि बेंगळुरूचा विचार करत असाल तर कन्नडचं बघा. वॉर्डातला पेशंट कन्नडमध्ये बोलणार आणि केस हिस्टरी तुम्हाला घ्यायची असते. चंदगड, गडहिंग्लज, इचलकरंजीकडच्या पुष्कळ पोरांना कन्नड कानावरून येतंच, त्यांनी त्याचा फायदा घ्यावा, बाकीच्यांनी जायच्या आधी सहा महिने शिकायला सुरुवात करावी.

पाचवी पायरी : कॉलेजला जाऊन हे विचारा

ब्रोशर वाचून ठरवू नका. एसटीनं जा, दिवस मोडा, पण जाऊन या. ऑफिसमध्ये गोड बोलतील, तुम्ही शेवटच्या वर्षाची पोरं कँटीनमध्ये गाठा आणि त्यांना विचारा. पहिला पेशंट कितव्या महिन्यात बघितला? आठवड्यात किती दिवस दवाखान्यात असता? सुपरव्हिजन ठरलेल्या वेळी होतं का, की सर भेटले तर भेटले? केस प्रेझेंट करताना कोण ऐकतं? इनपेशंट वॉर्ड आहे का? स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी, व्यसन, लहान मुलं, म्हातारी माणसं, हे सगळं बघायला मिळतं की फक्त कॉलेजच्या पोरांचा एक्झॅम स्ट्रेस? टेस्टची किट आहेत का, की झेरॉक्सवर शिकवतात? मागच्या बॅचमधल्या किती जणांना सीआरआर मिळाला?

सगळ्यात शेवटी विचारा, की एखाद्या पेशंटनं आत्महत्येचं बोलून दाखवलं आणि तुम्ही घाबरलात, तर रात्री कुणाला फोन करता? या प्रश्नाला पोरं जर गप्प बसली तर ते कॉलेज सोडा. मी हे अगदी मनापासून सांगतेय. शिकाऊ माणसाला एकट्याला अशा प्रसंगात सोडणारी संस्था पेशंटलाही धोक्यात घालते आणि तुम्हालाही.

फीचं बोलायचं तर सरकारी संस्थेत कमी, काही ठिकाणी स्टायपेंड पण मिळतो, खाजगी विद्यापीठांत लाखांत जाते. कर्ज काढून खाजगीत जायच्या आधी एक वर्ष थांबून सरकारी प्रवेश परीक्षा परत द्यायचा पर्याय घरात नक्की मांडा. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या योजना आहेत, तुमचा कोर्स आणि संस्था त्यात बसते का ते प्रवेशाच्या आधी तपासा, नंतर नाही.

सहावी पायरी : आधी काम करून बघा

एमएला जायच्या आधी किंवा एमए आणि पुढच्या कोर्सच्या मधे काही महिने कुठंतरी काम करा. स्पेशल स्कूलमध्ये मदतनीस म्हणून जा, व्यसनमुक्ती केंद्रात जा, वृद्धाश्रमात जा, एखाद्या हेल्पलाइनचं ट्रेनिंग घ्या. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चारांपैकी एक, बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. कॉलेजच्या पत्रानं भेट ठरवता आली तर आंबा घाट उतरून एकदा जाऊन या. बरं झालेल्या पण घरचे न्यायला न आलेल्या माणसांशी बोललात की या क्षेत्रात नेमकं काय अडलंय ते कळतं.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे, त्यातल्या टीममध्ये सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स अशी सगळी माणसं एकत्र काम करतात. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांचा कॅम्प असतो. परवानगी घेऊन एक दिवस नुसतं बघायला बसा. एकाच छताखाली चारही कामं दिसतात आणि कुठल्या खुर्चीकडं तुमची नजर सारखी जाते ते तुमचं तुम्हालाच समजतं. पदं बऱ्याच ठिकाणी कंत्राटी असतात हे पण तिथंच कळेल, ते पण माहीत असलेलं बरं.

एक नाजूक गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळ जण या क्षेत्रात येतात कारण घरात कुणाला आजार होता, किंवा स्वतःला होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट समजूत खोल असते. पण स्वतःचं दुखणं हाताळायला म्हणून हा कोर्स करू नका. स्वतःसाठी वेगळी मदत घ्या, चांगल्या थेरपिस्टकडं जा, फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. कोर्स चालू असताना पण मदत घेत राहिलात तरी चालतं, चांगले सुपरवायझर तर तसं करायला सांगतात.

परदेशाचं थोडक्यात

विमानतळावरचे फोटो बघून ठरवू नका. ब्रिटनमधलं एका वर्षाचं सायकॉलॉजीचं एमएस्सी केल्यानं तिथं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्याला पुढं क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट आणि एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेची नोंदणी लागते. अमेरिकेत स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करणारा सायकॉलॉजिस्ट व्हायला साधारणपणे डॉक्टरेटच लागते, पीएचडी किंवा सायडी. तिथं मास्टर्सवर थेरपी करता येणारे रस्ते म्हणजे क्लिनिकल सोशल वर्क आणि काउन्सेलिंग, त्यांना पण डिग्रीनंतर सुपरव्हिजनचे तास आणि त्या त्या राज्याचं लायसन्स. परत येऊन इथं काम करायचं असेल तर आरसीआय ती डिग्री मान्य करेल का हे जायच्या आधी विचारा.

सातवी पायरी : घरी कसं सांगायचं आणि फॉर्म कसे भरायचे

आप्पा विचारणार, "यात नोकरी कुठं हाय?" त्यांना चिडून उत्तर देऊ नका, प्रश्न रास्त आहे. त्यांना सांगा की जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा असं सांगितलंय. जिल्ह्यात किती शाळा, कॉलेजं आणि क्लासेस आहेत ते त्यांनाच मोजू दे. आणि हे पण खरंखरं सांगा की पहिली काही वर्षं पगार कमी असतो आणि बारावीनंतर पूर्ण तयार व्हायला साधारण सात वर्षं जातात, तीन पदवीची, दोन पीजीची, दोन वरची. आधी सांगितलं की घरचे सोबत राहतात, नंतर कळलं की लग्नाचा विषय निघतो, हे मुलींच्या बाबतीत फार बघितलंय.

एका वर्षात एकाच ठिकाणी फॉर्म भरून बसू नका. समजा एमए संपत आलंय, तर दोन-तीन सरकारी संस्थांच्या प्रवेश परीक्षा द्या, एखादी जवळची खाजगी आरसीआय मान्यताप्राप्त संस्था बघून ठेवा, आणि सोबत रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजीच्या डिप्लोमाचा फॉर्म पण भरा. वर्ष रिकामं गेलं तर शाळेत किंवा एनजीओत नोकरी धरा, तिथंही आठवड्याला एखाद्या सिनिअरला केस दाखवायची सवय लावून घ्या, अनुभव आणि शिफारसपत्र दोन्ही मिळतं. इंटरव्ह्यूत "तुम्ही हे क्षेत्र का निवडलं" याला पाठ केलेलं उत्तर देऊ नका, तुम्ही प्रत्यक्ष भेटलेल्या एखाद्या माणसाबद्दल, त्याचं नाव आणि ओळख न सांगता, बोला. नाव गुप्त ठेवून बोलता येतं का, हेही ते तिथंच बघत असतात.

कागदपत्रांत जातीचं प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेअर हे आत्ताच काढायला टाका, निमहान्ससारख्या केंद्राच्या संस्थेत जाणार असाल तर ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचं केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं लागतं, आणि तहसीलदार कचेरीत जून-जुलैला जी गर्दी असते ती तुम्हाला माहीतच आहे.